सुमनच्या नावाची मूठ

सुमनला गोठ्यात नेऊन ठेवलं त्या सकाळी तिचं तोंड उघडं होतं आणि खालच्या ओठावर माशी बसली होती. माशी हाकलण्याइतकंही तिच्या अंगात उरलं नव्हतं. मी हाकलली, ती परत येऊन बसली. बाजेखाली ओलं शेण होतं, आणि शेजारी आमची म्हातारी गाय रवंथ करत सुमनकडे बघत उभी होती. घरातून चुन्याचे हात मारल्याचा आवाज येत होता. आई आणि काकू भिंती पांढऱ्या करत होत्या, कारण रविवारी कानबाई देवी बसायची होती आणि कानबाईच्या घरात आजाराचा वास चालत नाही. बाज आमच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी आणि काकांनी उचलून आणली होती. परत जाताना आबा मला म्हणाले, "इंदे, बस इन्हाजोडे. पानी मांगी ते दे." जिला तोंड मिटता येत नव्हतं ती पाणी मागणार होती. माझी धाकटी बहीण मरणार हे त्या घरात सगळ्यांना कळलं होतं. फक्त ती सणाच्या आधी मरते की नंतर, एवढाच त्यांना घोर होता.

हे मी आज लिहायला बसले याचं कारण एकच. माझ्या नातीने सुमनला मारून टाकलं.

माझी नात ऋतुजा चित्रं काढते. कागदावर नाही, काचेच्या पाटीवर. तिने एक चित्रकादंबरी केली आहे. चौकटी आखायच्या, चौकटीत माणसं काढायची, त्यांच्या तोंडाशी फुगा काढून त्यात बोलणं लिहायचं. माझी शाळा चौथीपर्यंतची, त्यामुळे मला असलं पुस्तक बरं पडतं. जुन्या काळी घरोघर वाचल्या जाणाऱ्या, मुलं लहानाची मोठी होतात अशा कुटुंबांच्या गोष्टी आता अशा चित्रांत नव्याने सांगतात म्हणे, आणि तरुण पोरं त्या वाचतात. ऋतुजाने घेतलेली गोष्ट दोन बहिणींची. मोठी तोंडाळ, धाकटी गरीब गाय. धाकटी तापाने मरते, मग मोठीला अक्कल येते, ती हळू आवाजात बोलायला लागते आणि तिचं चांगल्या घरी लग्न होतं. अशा गोष्टींत एक गरीब बहीण नेहमी मरायला ठेवलेली असते. जत्रेच्या बोकडासारखी.

त्या गोष्टीसाठी ऋतुजाने मला वर्षभर छळलं. आजी, चूल कुठे होती, आजी, बाज कशी असायची, आजी, आजारी माणसाला काय पांघरायला द्यायचे. मी सांगत गेले. तिने ते घर उचलून रावेरच्या केळीच्या बागांत नेऊन ठेवलं, कारण हिरवा रंग छान दिसतो. आमच्या गिरणाकाठच्या गावात केळीचं पान बघायला मिळायचं ते कानबाईच्या मखराला, तेही मागून आणलेलं. आमचं शेत ज्वारी आणि कपाशीचं. पण तेही मी सोडून दिलं असतं. पुस्तक छापून आलं, पहिल्या पानावर 'माझ्या आजीच्या आठवणींतून' असं लिहून आलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात मी आता राहते त्या पिंप्राळ्यातली आमची समोरची मारवाडीण, साडीच्या दुकानवाली, पदर डोळ्याला लावत माझ्या दारात उभी राहिली. "काकू, मला माहीतच नव्हतं. एवढीशी होती हो तुमची बहीण."

मी तिला चहा पाजला आणि ती गेल्यावर भडगावला फोन लावला. सुमनला हल्ली ऐकू येत नाही म्हणून ती फोनवर ओरडते.

"सुमे, तू मरी गई म्हने."

"कधळ?"

"पुस्तकमा. शेवटना धडाना आधी."

"मंग आज मन्हा सयपाक कोन करी?" असं म्हणून तिने फोन ठेवला. तिची कढई गॅसवर होती.

संध्याकाळी ऋतुजा घरी आली तेव्हा मी ते पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. पांढरीशुभ्र उशी, खिडकीतून चांदणं, पोरीचे केस नीट विंचरून दोन्ही खांद्यांवर सोडलेले, आणि मोठी बहीण तिचा हात गालाला लावून रडते आहे.

"ही कोण?"

"आजी, ही सुमनआजी नाही गं. गोष्टीतली आहे."

"मग हनुवटीवर तीळ कशाला काढलास?"

"चेहरा नुसता संदर्भाला घेतला."

"आणि मेली का?"

"मूळ गोष्टीत ती मरतेच. ती मेली नाही तर मोठी शहाणी कशी होणार?"

"मला शहाणं करायला माझी बहीण मारायची?"

"तुला नाही गं, गोष्टीतलीला."

"ती रडणारी बया गोष्टीतली असेल. बाज माझी आहे, चूल माझी आहे, तीळ माझ्या बहिणीचा आहे. आणि मी रडले नव्हते. लिहून घे."

"पुस्तक छापून झालं आजी," ती म्हणाली. मग थोडं हसून म्हणाली, "तूच लिही की तुझं." तिला वाटलं मी लिहिणार नाही.

तर आमच्या घरात सकाळ जात्याने व्हायची. आई आणि काकू समोरासमोर पाय पसरून बसायच्या आणि घरघर सुरू व्हायची. ती थांबली की थोड्या वेळाने भाकरी थापल्याचा आवाज यायचा. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेली, वर मिरचीचा ठेचा आणि तेलाची धार. तेल घालायचं काम जिजीचं. जिजी म्हणजे आबांची आत्या. पाळण्यातून उतरते न उतरते तोच तिचं लग्न झालं होतं, नवरा पोरवयातच गेला, आणि सासरच्यांनी तिला एका लुगड्यावर माहेरी आणून सोडलं. आबांची आई बाळंतपणात गेल्यावर आबांना तिनेच वाढवलं. म्हणून आबा गावात कुणालाही उलटून बोलायचे, पण जिजीपुढे त्यांची मान खाली. ती धिप्पाड होती, तिच्या तोंडाला मशेरीचा वास यायचा, आणि तेलाची बुधली तिने हातात घेतली की आम्हा मुलांना कुणावर तिची मर्जी आहे ते भाकरीवर दिसायचं. माझ्या भाकरीवर थेंब पडायचा. सुमनच्या भाकरीवर धार. सुमन मग आपली भाकरी हळूच माझ्या भाकरीला घासायची. ती तसलीच होती. मी ते तेल खायची आणि पुन्हा जिजीला उलटून बोलायची.

सुमनला ताप आला तेव्हा जिजीने कपाळाला हात लावून सांगून टाकलं, "मुदतना ताप शे. मुदत भरनी का उतरी." टायफॉइडला तेव्हा मुदतीचा ताप म्हणायचे. त्यावर त्यांचा इलाज म्हणजे लंघन. पोटात अन्न गेलं की ताप वाढतो अशी समजूत, म्हणून उकळलेलं पाणी आणि तुळशीचा काढा, बस. माझी बहीण तापाने जेवढी खंगली त्याहून जास्त उपाशी राहून खंगली, हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की ती माझ्या ताटाकडे बघायची, आणि मग तिने बघणंही सोडलं. भडगावला डॉक्टर होते. बैलगाडीने गेलं तर सकाळी जाऊन दुपारी परत. पण कानबाई तोंडावर आलेली. परका माणूस, त्याच्या चपला, त्याच्या सुईत कुठलं काय, हे त्या दिवसांत घरात नको. सोमवारी कानबाई नदीला गेली की बघू, असं जिजी म्हणाली, आणि आबांनी ते मानलं.

आता आमच्या कानबाईचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ घालून, नटवून आम्ही देवी बसवतो. तिच्या नैवेद्याला गव्हाचे जाड रोट करायचे. ते रोट फक्त घरच्यांनी, भाऊबंदांनी खायचे. त्याचे गहू घेण्याची एक रीत आहे. घरात जेवढे पुरुष, अगदी अंगावर पिणारा मुलगा धरून, त्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचा. बायकांच्या नावाने नाही. सुना आणि कुवार पोरी रोट खातात, पण त्यांच्या नावाची मूठ नसते. लग्न होऊन गेलेल्या लेकीला तर रोट खाताही येत नाही, ती दुसऱ्या कुळाची झाली. आणि आमच्या घरात याच्या वर आणखी एक कडक नेम होता. ज्याच्या नावाची मूठ पडली त्याने रोटाला घरात हजर असलंच पाहिजे आणि निदान एक घास खाल्लाच पाहिजे. काकांचा मोठा मुलगा सुरतेच्या गिरणीत होता, तो कसाही करून यायचा. जिजी म्हणायची, नाव घेतलं आणि माणूस पुढे बसला नाही, तर त्या घराने कानबाईला तोंडावर खोटं सांगितलं.

आणि ही जिजी स्वतः रोट खाऊ शकत नव्हती. ती लग्न होऊन गेलेली लेक. कुळ दुसरं. तिने पोटाशी धरून वाढवलेल्या पोरांच्या नावाच्या मुठी ती मोजून घ्यायची, तुपाचा हात किती लावायचा ते सांगायची, आणि रविवारी सगळे रोट आणि खीर खायला बसले की ती मागच्या ओट्यावर आपली भाकरी घेऊन बसायची. गव्हाला तिने बोटही लावलेलं मी बघितलं नाही.

सुमनला गोठ्यात नेलं त्या दिवशी दुपारी मी तिच्यासाठी पाणी आणायला घरात गेले. भिंतींचा चुना ओला होता. मधल्या खोलीत पाट मांडला होता, आई सूप पुढ्यात घेऊन बसली होती, काकू शेजारी, आणि जिजी भिंतीपासून अंग चोरून लांब बसून नावं सांगत होती. आजोबांचं नाव, आबांचं, काकांचं, सुरतेवाल्याचं, मग आमच्या धाकट्या भावाचं, काकूच्या रांगत्या पोराचं. प्रत्येक नावाला आई मूठ घ्यायची, वर थोडे दाणे, आणि सुपात सोडायची. गव्हाचा आवाज सुपात कसा येतो ते ज्याने ऐकलंय त्याला सांगायला नको. शेवटचं नाव झालं. जिजी म्हणाली, "व्हयनं. उचल."

मी हातातला तांब्या खाली ठेवला, पोत्यात हात घातला, मूठ भरली, वर चार दाणे घेतले आणि सुपात टाकले.

आई माझ्याकडे बघतच राहिली. जिजी उठून उभी राहिली. "कोना नावना गहू टाकात व तू?"

"सुमनना."

"पोरगीना नावना रोट ऱ्हास नही!"

"आते शे."

"काढ ते. काढ आते ना आते. देवीनं सूप बाटाडं रांडनं!"

"मी कसं काढू? बठ्ठा गहू एकच शे. तुले ओळखू येत व्हई ते तू काढ."

ती काढू शकत नव्हती हे मला ठाऊक होतं. तिला हात लावायचा नव्हता. तिने काकूला सांगितलं, वरच्या वर उचल गं, अजून वरच आहेत ते. आणि खरंच, माझी मूठ सुपात एका बाजूला वेगळी दिसत होती. काकूने हात पुढे केला. माझ्या तोंडून मग जे निघालं ते मी विचार करून बोलले नव्हते, पण बोलले ते खरं होतं. मी म्हटलं, "जिजी, तुले भेटस नही म्हनीसन कोनलेच नको भेटाले?"

जिजीने मला अशी मारली की माझं डोकं ओल्या भिंतीवर आपटलं आणि अर्ध्या तोंडाला चुना लागला. डोळ्यांतही गेला. मी डोळे चोळत होते म्हणून पुढचं मी अर्धंच पाहिलं. आईने, जिने त्या घरात लग्न होऊन आल्यापासून जिजीपुढे होय-नाही याच्या पलीकडे शब्द काढला नव्हता, तिने काकूचा हात बाजूला केला, आपले दोन्ही हात मनगटापर्यंत सुपात घातले आणि सगळे गहू तळापासून वर कालवून टाकले. एकदा, दोनदा, पीठ मळतात तसे. मग हात झटकले आणि सूप उचलून कपाळाला लावलं.

सुरतेवाला दारात येऊन उभा राहिला होता, तो मागच्या मागे निघून गेला. जिजी खाली बसली. तिचं तोंड हलत होतं, मशेरी नसतानाही. गहू देवीचे झाले होते, टाकता येत नव्हते. त्यात सुमनची मूठ होती, वेगळी करता येत नव्हती. सुमनचं नाव घेतलं गेलं होतं, आणि नाव घेतलेलं माणूस रविवारी पुढ्यात बसून घास खायला हवं होतं. ते माणूस गोठ्यात माशा खात पडलं होतं. जिजीचा नेम जिजीनेच आयुष्यभर घट्ट बांधला होता, आणि आता त्याची गाठ तिलाच सुटेना. मला तिची तेव्हा दया आली नाही. आजही येते असं नाही. पण ती नेमाला पक्की होती, सोयीपुरती नव्हती, हे मी तिच्या बाजूने लिहून ठेवते.

बऱ्याच वेळाने तिने हाक मारली. "आबा!" भाच्याला तीही आबाच म्हणायची. आबा आले. "गाडी जुप. भडगावना डाक्टरले लई ये."

"जिजी, पन कानबाई—"

"कानबाईले मी देखी लिसू. पोरगीले पह्यले घरमा आना."

डॉक्टर आले तेव्हा दिवस कलला होता. तरुण होते, चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेले. जिजीने त्यांना दारात अडवून पाय धुवायला लावले, मग हात, मग पिशवी बाहेरून पुसायला लावली. डॉक्टर म्हणाले, "आजी, अंघोळही घालता का? पण पेशंट तेवढा वेळ थांबायला हवा." जिजीने त्यांना आत सोडलं. त्यांनी सुमनच्या पोटावर हात ठेवला, जीभ बघितली, आणि विचारलं, हिने शेवटचं काय खाल्लं. मी सांगितलं, "काही नाही. हे देतच नाहीत." आबांनी मान खाली घातली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि भाताची पातळ पेज चमच्याने पाजायला सांगितली, आणि जाताना आबांना बाहेर नेऊन काहीतरी बोलले. आबा आत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. पेज जिजीने शिजवली. पाजली मी. निम्मी मानेवरून खाली गेली, निम्मी पोटात.

रविवारी सुमनचा ताप उतरलेला नव्हता. तिला कानबाईसमोर बाजेसकट आणून ठेवलं. घरात खिरीचा आणि गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या भाजीचा वास भरला होता, बायका कानबाईची गाणी म्हणत होत्या. आईने रोटाचा एक कण दुधात विरघळवला आणि बोटाने सुमनच्या जिभेला लावला. सुमनने तोंड मिटलं. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा तिने आपणहून तोंड मिटलं. लगेच उठून बसली वगैरे काही झालं नाही. पुढे कितीतरी दिवस ती लोळागोळा होती, केस गळून डोक्याचं तुंबडं झालं, आणि भिंतीला धरून चालायला लागली तेव्हा मी तिला टकली म्हटलं तर ती हसली. गोळ्यांनी जगली, पेजेने जगली. देवीने जगवलं असं गावात म्हणायचे, त्यांना म्हणू दे. मी एवढंच म्हणते की ती गोठ्यात मेली असती, आणि ती गोठ्यातून आत आली ती त्या मुठीमुळे.

पुढच्या वर्षी गहू घेताना मी मुद्दाम दारात उभी राहिले. जिजीने सगळ्या पुरुषांची नावं घेतली आणि शेवटी, कुणाकडे न बघता, सुमनचं घेतलं. एकदा पडलेली मूठ मोडता येत नाही म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. सुमनच्या लग्नापर्यंत तिच्या नावाची मूठ पडत राहिली, माझ्या नावाची कधी पडली नाही. आज पिंप्राळ्याच्या घरात गहू मी घेते. मुलाच्या नावाची मूठ घेते, सुनेच्या, ऋतुजाच्या, आणि माझ्याही नावाची. भाऊबंदांतले काहीजण त्यावरून आमच्याकडचे रोट खात नाहीत. न खाऊ देत, आम्हाला जास्त उरतात. गेल्या श्रावणात सुमन आली होती, तिला मी रोट वाढला. ती म्हणाली, मन्हं कुळ दुसरं शे ना व. मी म्हटलं, खा गुपचूप. तिने खाल्ला आणि तूप कमी आहे म्हणाली.

ऋतुजाने हे सगळं वाचलं. तिने विचारलं, मग या गोष्टीत मोठी बहीण शहाणी कधी होते. मी म्हटलं, होत नाही. ती विचारते, याची चित्रं काढू का. काढ, पण गोठा गोठ्यासारखा काढ, माशी काढ, आणि आईचे हात मनगटापर्यंत गव्हात काढ. माझा चेहरा नीट नाही आला तरी चालेल.

आबा गेले, काका-काकू गेले, आई गेली. जिजी त्यांच्याही आधी गेली, रोटाचा घास न खाता. सुरतेवालाही गेला. त्या खोलीतल्यांपैकी मी आहे. गोठ्यातून आणलेली सुमन आहे, भडगावला, तिच्या स्वतःच्या घरात.